‘ह्यांचे’ नावाचा फोल्डर

माझ्या काकूला ‘मला माहीत नाही’ असं म्हणताना मी एकदाच ऐकलं. एरवी कुठला कागद कुठे आहे हे तिला विचारायचा अवकाश, उत्तर तयार. विजेचं जुनं बिल, दादाची गुणपत्रिका, माझ्या दुकानाचा भाडेकरार, काहीही विचारा. ती फोनवर दोन बोटं फिरवायची, कागद समोर धरायची आणि वर विचारायची, “अजून काही?”

मी झेरॉक्सवाला. तळमजल्यावर माझं दुकान. वर काका-काकू राहतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ दादा, आणि वहिनी. माझं पोट कागदावर चालतं आणि काकूने कागदाशी हाडवैर धरलेलं. मी खाली एकाच्या चार प्रती काढायच्या आणि तिने वर त्याच चार प्रतींचा भुगा करायचा. “काकू, पुतण्याच्या पोटावर पाय देतेयस,” असं मी म्हटलं की ती म्हणायची, “मग पोट कमी कर, बरंच सुटलंय.”

ती आधीपासून अशी नव्हती. मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीत ती पावत्या सांभाळायची. माल निघाल्याची पावती निळी आणि पोचल्याची गुलाबी. कपाटात हात घातला की हवी ती पावती बाहेर यायची, म्हणून ड्रायव्हर लोक तिला ‘बाई कपाट’ म्हणत. मग एक नवा मॅनेजर आला आणि त्याने सगळं काम कॉम्प्युटरवर नेलं. कपाटं भंगारात गेली त्या संध्याकाळी काकू न्हाणीघराचं दार लावून रडली, हे काकांनी मला सांगितलं. काका म्हणजे अस्सल घुमा माणूस. बसच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला. त्यांनी आपणहून इतकं बोलावं म्हणजे ती बरंच रडली असणार.

पण रडून झालं की काकू कामाला लागते. स्कॅनिंग शिकली, फायली लावायला शिकली आणि वर्षभरात त्या मॅनेजरलाच शिकवायला लागली. निवृत्त होताना कंपनीचा जुना स्कॅनर आणि कागद फाडायचं यंत्र तिने पदरचे पैसे देऊन घरी आणलं. त्या यंत्राचं नाव काकांनी बकासुर ठेवलं. काकांनी आयुष्यात केलेला हा एवढा एकच विनोद, तो मात्र टिकला.

काकूचे नियम ठरलेले. कागद काळा-पांढरा स्कॅन करायचा, कारण रंगीत केला की फाईल फुगते. चारी बाजूंच्या कडा कापायच्या. वरचं दवाखान्याचं नाव, डॉक्टरांच्या पदव्या, तारीख, सगळं उडवायचं. “मजकुराशी मतलब,” ती म्हणायची. “डॉक्टरांच्या पदव्या साठवून मला काय त्यांचं स्थळ बघायचंय?” मग कागद बकासुराच्या तोंडी. काका शेजारी खुर्चीत बसून चष्मा पुसत हे सगळं बघत असायचे. पेशंटचं नाव कडेला असतं, असं त्यांनीही म्हटलं नाही आणि मीही नाही. नाव कशाला हवं? फोल्डर होते ना! एकाचं नाव ‘माझे’, एकाचं ‘बाळाचे’ म्हणजे दादाचे, आणि एकाचं ‘ह्यांचे’.

‘ह्यांचे’ म्हणजे अर्थात काकांचे. काकूने काकांचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. लिहायला तिची हरकत नसायची. कुठल्या खिडकीवर नवऱ्याचं नाव विचारलं की ती कागद ओढून घ्यायची आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून परत सरकवायची. मी एकदा चिडवलं होतं, “काका गर्दीत हरवले तर पोलिसांना काय सांगशील?” तर म्हणाली, “सांगेन, ‘अहो’ हरवलेत.”

वहिनीचं उलट. ती दादाला नावाने हाक मारते, तीही अशी की अख्ख्या इमारतीला कळावं. पण लग्नानंतर दादाचे कागद तिच्याकडे साठवायला आले तेव्हा तिने सासूबाईंचा कित्ता गिरवला आणि आपल्या फोनमध्ये फोल्डरला नाव दिलं ‘ह्यांचे’. निव्वळ सासूची मर्जी राखायला. सासूशी बोलताना तर ती दादाला ‘हे’च म्हणते. मग एका रविवारी दोघींनी आपापले फोल्डर एका खात्यात आणायचं ठरवलं. मी तेव्हा वर चहाला होतो. यंत्राने विचारलं, या नावाचा फोल्डर आधीच आहे, एकत्र करायचे का?

त्याआधी काही महिने घरात वेगळं बिऱ्हाड करायचं बोलणं निघालं होतं. ते मिटलं होतं, पण काकूच्या मनातून गेलं नव्हतं. यंत्र ‘एकत्र करायचे का’ म्हणून विचारतंय हे वाचून तिचा चेहरा उजळला. तिने ‘हो’ दाबलं आणि वहिनीला म्हणाली, “बघ, मशीनलासुद्धा कळतं.” आम्ही सगळे हसलो.

ही झाली काकू. आता त्या दिवसाचं सांगतो.

काकांचं पोट आदल्या दिवसापासून दुखत होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी जेवणाच्या पानावरून उठताना ते भिंतीला धरून खाली बसले. अंग तापाने फणफणलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. मी दुकानाचं शटर तसंच सोडलं आणि गाडी काढली. दादा कामासाठी परगावी निघालेला, त्याचं विमान नुकतंच सुटलेलं. फोन बंद.

हॉस्पिटलमध्ये तपासण्या भराभर झाल्या. काकांचे कपडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सिस्टरने काकूच्या हातात दिले. तिने ती पिशवी पोटाशी धरली ती सोडली नाही. डॉक्टरीणबाई वयाने लहान पण बोलायला स्वच्छ होत्या. पित्ताशय सडलं होतं आणि त्याचं विष रक्तात उतरत होतं. ऑपरेशन करावं लागणार, पण त्याआधी जंतू मारणारं औषध शिरेतून ताबडतोब सुरू करायला हवं.

“कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे तर!” काकू म्हणाली. “पूर्वी एका औषधाने ह्यांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. श्वास कोंडला होता. जातात की काय असं झालं होतं.”

“कुठलं औषध?”

“नाव लांबलचक आहे. पण चिठ्ठी आहे माझ्याकडे.” त्याही अवस्थेत तिच्या आवाजात थोडा रुबाब आला. फोन उघडला, ‘ह्यांचे’ उघडला, त्यात ‘ॲलर्जी’. तिने फोन डॉक्टरीणबाईंपुढे धरला. चिठ्ठीत एका औषधाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, तीव्र त्रास झाला, पुन्हा देऊ नये. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, ते टाळून दुसरं एक औषध लिहिलं, आणि सिस्टर ते आणायला गेली.

तेवढ्यात वहिनी धापा टाकत आली. ती शाळेत शिकवते, हाताला खडू तसाच होता. काकूच्या फोनकडे बघून म्हणाली, “आई, हा तर ह्यांचा कागद आहे.”

“ह्यांचाच दाखवतेय ना.”

“तसं नाही हो. ह्यांचा!”

“अगं, मग मी दुसरं काय म्हणतेय? ह्यांचाच!”

“ह्यांचा म्हणजे नक्की कुणाचा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. “वहिनी, दादाचा?”

“हो ना! हॉस्टेलवर असताना दाताच्या दुखण्यात इंजेक्शनने ह्यांचं तोंड सुजलं होतं. त्याची अशीच एक चिठ्ठी मी आईंना स्कॅनिंगला दिली होती. मला वाटतं, ही तीच आहे.”

“वाटतं की आहे?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनी चिठ्ठीवर नाव शोधायला लागली. काकूने घाईघाईने खाली सरकवलं. ‘ॲलर्जी’च्या खाली आणखी एक फाईल होती. तिचंही नाव ‘ॲलर्जी’, पुढे कंसात एक. यंत्राने एकत्र करताना आपल्या अकलेने तो आकडा जोडलेला. ती उघडली. तेवढीच चिठ्ठी, तसंच डॉक्टरी अक्षर, तीव्र त्रास झाला, पुन्हा देऊ नये. फक्त औषध वेगळं. आणि ते औषध म्हणजे आता सिस्टर जे आणायला गेली होती ते.

“थांबवा!” मी ओरडलो. हॉस्पिटलात ओरडू नये हे मला कळतं, पण मी ओरडलो. सिस्टर पडद्याआड काकांच्या नळीला बाटली जोडतच होती. डॉक्टरीणबाई धावल्या. बाटली परत खाली आली. नळीत अजून काही गेलं नव्हतं.

मग आम्ही सगळे त्या फोनभोवती उभे राहिलो. दोन चिठ्ठ्या. नाव नाही, तारीख नाही, दवाखाना नाही. सगळं कडेला होतं आणि कडा काकूने कापल्या होत्या. फायलींच्या तारखा पाहिल्या, तर दोन्हींवर त्या एकत्र केल्याच्या रविवारचीच तारीख.

“दोन्ही टाळली तर?” मी विचारलं.

“तिसरं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण ते मूत्रपिंडांना जड जातं, आणि यांची मूत्रपिंडं आत्ताच थकलेली आहेत. दिलं तर ती कायमची जाऊ शकतात. या दोनपैकी एक देता आलं तर हवंय मला. पण कुठलं ते कळलं पाहिजे, आणि फार थांबता येणार नाही.”

काकांवर पूर्वी जिथे उपचार झाले होते तिथे मी फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, “जुनं रेकॉर्ड सध्या स्कॅनिंगला गेलंय, पुढच्या आठवड्यात फोन करा.” मी फोन भिंतीवर आपटायचा बाकी ठेवला. वहिनी दादाला पुन्हा पुन्हा फोन लावत होती आणि बंद असल्याचं ऐकत होती.

“तुम्ही सांगा,” डॉक्टरीणबाई काकूला म्हणाल्या. “यातली यांची कुठली?”

काकू दोन्ही चिठ्ठ्या आळीपाळीने बघत होती. “ह्यांची पिवळी होती,” ती म्हणाली. “पिवळ्या कागदावर होती. बाळाची पांढरी होती.” पण फोनवर दोन्ही सारख्याच राखाडी दिसत होत्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, “मला माहीत नाही.”

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी तिचा फोन, तिचा स्कॅनर, तिचा तो बकासुर, सगळं उचलून जिन्यावरून खाली फेकावंसं वाटलं. दुकानात माणसं दोन पैसे वाचवायला अर्ध्या पानाची झेरॉक्स मागतात, त्यांनाही मी सांगतो, पूर्ण काढा, कडेला काय लागेल सांगता येत नाही. घरच्या माणसाला मात्र कधी सांगितलं नव्हतं. तोंडावर आलेलं मी बोलणारही होतो. पण तिचा अंगठा दिसला. चित्राची कड धरून ती ते बाहेरच्या बाजूला ओढत होती, पुन्हा पुन्हा, ओढलं की कापलेला भाग परत येईल म्हणून. माझा राग तिथेच विरला.

फोन वहिनीच्या हातात देऊन ती काकांच्या पलंगाशी गेली. पिशवी काखेत तशीच.

“अहो,” तिने हाक मारली. “अहो, ऐकताय का?”

शेजारच्या पलंगांवरच्या दोघा नवऱ्यांनी माना वळवल्या. काकांनी नाही.

“अहो! डोळे उघडा ना.”

“असं नको, नावाने हाक मारा,” डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. “गुंगीतला माणूस कधीकधी नावाला ओ देतो.”

काकूने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. आणि तिने काकांचं नाव घेतलं. मागे राव नाही, पुढे अहो नाही, नुसतं नाव. आधी अगदी पुटपुटत. मग मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने की वॉर्डाच्या त्या टोकाचा वॉर्डबॉय थबकला. ते नाव मी शेकडो कागदांवर वाचलं होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना ते माझ्या म्हाताऱ्या काकांचं वाटेना. कुणातरी तरण्याबांड माणसाचं वाटलं.

काकांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिले. ओठ सुकलेले.

“काय गं?” ते म्हणाले.

“ॲलर्जीची चिठ्ठी,” ती त्यांच्या तोंडाशी वाकून म्हणाली. “तुमची. कुठल्या औषधाची होती?”

“घरात,” काका म्हणाले.

“ती नाही हो आता. ती मी बकासुराला घातली.”

काकांनी मान हलवली. नाही म्हणून. “ठेवलीय. घरात.” आणि डोळे पुन्हा मिटले.

मी धावत सुटलो. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्यावर भर दुपारची गर्दी, घरात नेमकं कुठे हे माहीत नाही. डॉक्टरीणबाई मागून म्हणत होत्या, इतका वेळ मला थांबता येणार नाही, मी तिसरं सुरू करते. मी जिन्याच्या पायऱ्या गाळत उतरलो. अगदी खाली पोचलो होतो, गाडीची किल्ली हातात होती, तेव्हा वरून वहिनीचा आवाज आला. अख्ख्या इमारतीला ऐकू जाणारा तो तिचा आवाज त्या दिवशी कामी आला.

“भावजी, परत या! चष्म्याच्या! चष्म्याच्या घरात!”

मी गेल्यावर काका आणखी एकच शब्द पुटपुटले होते, ‘चष्म्याच्या’. वर पोचलो तेव्हा काकू जमिनीवर बसली होती. पिशवी उपडी केलेली, काकांचा शर्ट, बनियन, रुमाल इतस्ततः. शर्टाच्या खिशातलं चष्म्याचं घर तिच्या हातात. इतका वेळ तिने पोटाशी धरलेल्या पिशवीतच ते होतं. चष्मा पुसायच्या फडक्याखालून तिने एक घडी काढली. पिवळा कागद. एका कोपऱ्याला बकासुराचे दात लागलेले, उरलेला शाबूत. वर दवाखान्याचं नाव, तारीख, आणि पेशंटच्या नावाच्या रेघेवर काकूच्या टपोऱ्या अक्षरात काकांचं नाव.

डॉक्टरीणबाईंनी तो तिच्या हातून घेतला, नाव मोठ्याने वाचलं, मग औषध वाचलं. ते दुसरं होतं. जे नळीला लागता लागता राहिलं ते.

“म्हणजे पहिलं चालेल,” त्या सिस्टरला म्हणाल्या. “आणा लवकर.”

काकू खालीच बसून राहिली. बाटली लागेपर्यंत, थेंब पडायला लागेपर्यंत आणि काकांना आत नेईपर्यंत ती त्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. मी तिच्या शेजारी बसलो.

ऑपरेशन नीट झालं. काका उशीला टेकून बसायला लागले, पेज घशाखाली उतरायला लागली, तेव्हा काकूने त्यांना धारेवर धरलं. मी तिथेच होतो.

“माझ्या पाठीमागे यंत्रातून कागद काढलात,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी हेच काम केलं. माझ्या कामावर विश्वास नव्हता का?”

“होता की,” काका म्हणाले.

“मग?”

काका खिडकीकडे बघायला लागले. “औषधासाठी नव्हता काढला. वर माझं नाव होतं. तुझ्या हातचं. तू ते कापून टाकतेस. तोंडाने तर तू कधी घेत नाहीस. म्हटलं, एक तरी असू दे जवळ.”

काकू उठली. पाण्याचा तांब्या भरलेला होता, तो घेऊन ती भरायला बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने आली.

स्कॅनर अजून आहे. बकासुरही आहे, पण आता तो बराचसा उपाशी असतो. कागद रंगीत स्कॅन होतो, कडांसकट, आणि फाईल फुगते तर फुगते. ‘ह्यांचे’ नावाचा फोल्डर राहिला नाही. त्या जागी दोन आहेत आणि दोन्हींवर पूर्ण नावं आहेत. दादाचं काकूने टाईप केलं आणि काकांचं वहिनीने.

घरी आल्यावर काकू पुन्हा ‘अहो’वर आली, जन्माची सवय. पण काका आता पहिल्या ‘अहो’ला ओ देत नाहीत. दुसऱ्यालाही देत नाहीत. कान त्यांचे चांगले शाबूत आहेत, मी तपासलंय. ते चष्मा पुसत नुसते बसून राहतात. मग थोड्या वेळाने वरून त्यांच्या नावाने हाक येते, खाली माझ्या दुकानापर्यंत ऐकू येईल अशी, आणि लगेच मागोमाग त्यांची ‘ओ’ येते.